मनातली पाल, शाडूची पाल: एका प्राणी-रचना कार्यशाळेचे परीक्षण

नको असताना मनात शिरणाऱ्या विचारांवरून एक काल्पनिक प्राणी रचायचा, पहिल्या दिवशी कागदावर आणि दुसऱ्या दिवशी शाडूत, अशा एका कार्यशाळेची जाहिरात मैत्रिणीने मला पाठवली, तेव्हा मला कुतूहलापेक्षा संशयच अधिक वाटला. मातीकाम असो, रांगोळी असो की भरतकाम, त्याच्यापुढे ‘थेरपी’ हा शब्द लावला की शुल्क दुप्पट होते, असा अलीकडचा अनुभव आहे. या जाहिरातीत तो शब्द नव्हता. प्राणी रचायला शिकवू, मन बरे करण्याचा आमचा दावा नाही, असे त्यात सरळ लिहिले होते आणि तेवढ्यावर भिस्त ठेवून मी नाव नोंदवले. मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रे काढणे हा माझा चौदा वर्षांचा व्यवसाय असल्यामुळे रेषेच्या बाबतीत मी नवखी नव्हते. विषयाच्या बाबतीतही नव्हते. त्याविषयी पुढे येईलच.

व्यवहाराचे आधी सांगते. पुण्यात कर्वे रस्त्याच्या आतल्या एका गल्लीतील बंगल्याचा तळमजला, शनिवार आणि रविवार, सकाळी दहा ते सायंकाळी पाच, शुल्क ३,२०० रुपये. त्यात कार्ट्रिज कागद, ब्रश पेन, ॲल्युमिनियमची तार, दोन किलो शाडू आणि दुपारचे जेवण हे सारे धरलेले होते. जेवण घरगुती आणि उत्तम होते. रविवारची आमटी मी दोनदा वाढून घेतली. आम्ही चौदा जण होतो: ॲनिमेशन शिकणारी चार-पाच मुले, दोन शिक्षिका, एक दंतवैद्य, बँकेतून निवृत्त झालेले एक काका आणि इतर. आयोजकांचे नाव मी येथे घेत नाही, कारण मला काही दोषांविषयी स्पष्ट लिहायचे आहे आणि दोन-तीन माणसांच्या खटपटीवर चाललेल्या उपक्रमाचे त्यामुळे नुकसान व्हावे अशी माझी इच्छा नाही. अशा कार्यशाळा आता इतर शहरांतही होऊ लागल्या आहेत. त्यांतली एखादी निवडताना काय पाहावे, हे या अनुभवावरून कळेल इतकाच या लेखाचा उपयोग आहे.

ज्यांना इंग्रजीत ‘इन्ट्रुसिव्ह थॉट्स’ म्हणतात, त्यांच्यासाठी कार्यशाळेत ‘अनाहूत विचार’ हा शब्द वापरला गेला आणि तो मला पटला, कारण अनाहूत पाहुणा म्हणजे चोर नव्हे. तो न बोलावता आला, एवढाच त्याचा गुन्हा. देवापुढे हात जोडलेले असताना नेमकी शिवी आठवणे, फलाटावर गाडी शिरत असताना शेजारच्याला आपण ढकलले तर, असे क्षणभर वाटून जाणे, सुरी हातात असताना नको ते डोळ्यांपुढे येणे, हे सारे त्यात मोडते. आपल्याकडे ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ ही म्हण आहे, म्हणजे अनुभव जुनाच आहे. मोजदाद मात्र अलीकडची आहे. रॅकमन आणि डी सिल्व्हा या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कोणताही मानसिक विकार नसलेल्या लोकांपैकी सुमारे ८० टक्के लोकांनी असे विचार येत असल्याचे सांगितले होते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १३ देशांतील ७७७ विद्यार्थ्यांच्या पाहणीत मागील तीन महिन्यांत असा एखादा तरी विचार आलेल्यांचे प्रमाण ९४ टक्क्यांच्या आसपास होते. विचारांचा मजकूर सर्वांचा जवळपास सारखाच असतो. त्याला आपण काय अर्थ चिकटवतो आणि तो घालवण्यासाठी काय काय करू लागतो, यावर पुढचा सारा त्रास ठरतो. जुन्या मराठीत ज्याला मंत्रचळ म्हणत आणि आज ओसीडी म्हणतात, त्या विकाराची सुरुवात बहुधा तेथे होते.

माझा विचार अकरा वर्षांपूर्वीचा आहे. मुलगी तीन महिन्यांची होती आणि आम्ही चौथ्या मजल्यावर राहत होतो. तिला घेऊन गॅलरीत गेले की हातातून ती निसटली तर, आणि त्याच्या पाठोपाठ, आपणच सोडली तर, असे मनात येई. मी गॅलरीत जाणे सोडले, मग गॅलरीचे दार लावून घेऊ लागले, मग ते लावले आहे की नाही हे रात्री उठून पाहू लागले. कोणाला सांगितले नाही, कारण घरात अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते, हे आजीचे वाक्य कानात होते. बोलणे दूरच, मनात आणणेही त्यात आले. बाळंतपणानंतर अपघाताची भीती जवळपास प्रत्येक आईच्या मनात येते आणि सुमारे निम्म्या जणींच्या मनात स्वतःच्या हातून इजा होण्याचे नकोसे विचारही येतात, असे कॅनडातील संशोधकांनी २००८ मध्ये नोंदवले होते. हे मला तेव्हा कोणी सांगितले असते, तर त्या वर्षातल्या बऱ्याच रात्री मी झोपले असते.

आता कार्यशाळेकडे. शनिवारची सकाळ छायाकृतींना दिलेली होती. खेळांसाठी प्राणी आणि पात्रे रचण्याचे काम करणाऱ्या एका तरुण मार्गदर्शकाने ती घेतली आणि कारागिरी शिकवण्यात तो तरबेज होता, यात शंका नाही. डोळे, तोंड, खवले यांचा विचारही करू नका, आधी नुसता काळा ठिपका काढा. दहा पावलांवरून तो ओळखू आला नाही, तर आतले बारकावे त्याला वाचवू शकणार नाहीत, हा त्याचा पहिला धडा होता. वीस मिनिटांत वीस छायाकृती काढायच्या, त्यांतल्या तीन निवडायच्या आणि त्यांचे अवयव एकमेकांत मिसळून आणखी पाच करायच्या. त्रिकोणी आकार धारदार व आक्रमक वाटतात, गोल आकार निरुपद्रवी वाटतात, चौकोनी आकार जड आणि स्थिर वाटतात, हे मला व्यवसायामुळे ठाऊक होते. पण त्याच प्राण्याचा गुरुत्वमध्य पुढे सरकवला की तो झेप घेणारा वाटतो आणि मागे सरकवला की दबा धरून बसलेला वाटतो, हे त्याने फळ्यावर दोन रेषांत दाखवले, ते माझ्या कायमचे कामी येईल.

अडचण दुपारी जाणवली. भिंतीवर चौदा चित्रे लागली आणि त्यांपैकी दहा-अकरा प्राणी एकाच आईच्या पोटचे वाटत होते: काळ्या धुराचे शरीर, लांब नखे, अंगभर डोळे, दातांच्या दोन रांगा. माझाही त्यांतच होता. मार्गदर्शकाने त्यांतला सर्वांत भीषण निवडून त्याचे कौतुक केले. त्या क्षणी, विषय समजून न घेता नुसता वापरला जातो आहे, असे मला वाटले. ज्या विचाराला आपण अवाजवी महत्त्व दिल्यामुळे तो मुक्काम ठोकून बसला आहे, त्यालाच शिंगे, पंख आणि आठ फुटांची उंची देणे म्हणजे त्याचा राज्याभिषेक करणे होय. भयपटातल्या राक्षसासाठी हे योग्यच आहे. मात्र त्या राक्षसाला पकडता येते, मारता येते. अनाहूत विचाराशी दोन हात करायला गेले की तो वाढतो, आणि त्याच्यावरून रचलेल्या प्राण्यात हे वैशिष्ट्य उतरले नाही, तर बाकी कितीही चांगले उतरले तरी प्राणी चुकला.

संदर्भचित्रांच्या फलकाविषयीही माझी तक्रार आहे. त्यावर युरोपीय ड्रॅगन होते, खोल समुद्रातले मासे होते, परदेशी खेळांतले दैत्य होते. आपल्या डोळ्यांसमोरचे काहीच नव्हते. जंजिऱ्याच्या दरवाजावर पंजात हत्ती दाबून धरलेला शरभ नव्हता. देवळाच्या उंबऱ्यावर आपण ज्याला ओलांडून आत जातो, ते कीर्तिमुख नव्हते. शिवाने ज्याला भक्षणासाठी निर्माण केले आणि भक्ष्य हिरावून घेतल्यावर ज्याने आज्ञेप्रमाणे स्वतःलाच खात खात फक्त तोंड शिल्लक ठेवले, असा तो प्राणी. स्वतःलाच खाणाऱ्या विचाराचे याहून नेमके रूप मला माहीत नाही, आणि शिवाने त्याला हाकलले नाही, दारावर बसवले, ही कथेतली पुढची पायरी तर रचनाकाराने लिहून ठेवावी अशी आहे. दशावतारातला संकासुर नव्हता, जो अंगभर काळा असतो, लाल जीभ बाहेर काढून येतो, वेद पळवून नेतो आणि तरीही मालवणीत बोलून लोकांना पोट धरून हसवतो. ही उणीव बँकेतल्या काकांनी थोडीफार भरून काढली. त्यांनी चकवा निवडला होता. रात्री माळावरून जाणाऱ्याला त्याच त्याच वाटेवर फिरवत ठेवणारे हे भूत मारत नाही, ओरबाडत नाही, समोरही येत नाही. चालणारा स्वतःच्याच पायांनी दमतो. चकवा लागला तर वाट शोधत धावू नये, असेल तेथे बसून राहावे, उजाडले की वाट दिसते, असे त्यांच्या गावी सांगत. काकांना चित्र काढता येत नव्हते. त्यांनी पायवाटेचा एक वेटोळा काढला, त्याला दोन कान लावले आणि खाली ‘चकवा’ असे लिहिले. भिंतीवरच्या सगळ्या धुरकट राक्षसांपेक्षा ते चित्र विषयाच्या अधिक जवळ होते. मार्गदर्शक त्याच्यासमोर थांबला नाही, ही शनिवारची सर्वांत मोठी चूक.

चहानंतर एक छापील कागद वाटण्यात आला आणि कार्यशाळेचा खरा भाग तेथून सुरू झाला. त्यावर चित्रासाठी जागाच नव्हती, फक्त प्रश्न होते. प्राणी काय खातो? केव्हा येतो, केव्हा येत नाही? कोठे झोपतो? त्याला पळवून लावायला गेल्यास काय करतो? दुर्लक्ष केल्यास काय करतो? त्याला काय मुळीच करता येत नाही? पहिली उत्तरे लिहिताना सर्वांनी ‘भीती खातो’ असेच लिहिले. मग हळूहळू बारकावे आले. एका शिक्षिकेने लिहिले की तिचा प्राणी ‘नाही ना होणार असं काही?’ या प्रश्नाची उत्तरे खातो. नवऱ्याने दिलासा दिला की त्याचे पोट भरते, पण पुन्हा भूक लागायला अर्धा तासही लागत नाही. ॲनिमेशनच्या एका मुलाने लिहिले की परीक्षेच्या दिवशी त्याचा प्राणी येतच नाही, कारण त्या दिवशी त्याला वाढायला कोणी रिकामे नसते. हा कागद कोणी रचला ते मला समजले नाही. पण तो शनिवारी सकाळी दहा वाजता, छायाकृतींच्याही आधी, हातात पडायला हवा होता. स्वभाव ठरण्यापूर्वी अंग ठरवले की दात आणि नखे येणारच.

रविवारी सकाळी दोन तासांसाठी एक चिकित्सा मानसशास्त्रज्ञ बाई आल्या. त्यांनी भाषण केले नाही. औषध घेताना माकडाचा विचार करू नका, असे सांगणाऱ्या वैद्यबुवांची गोष्ट आपण सर्वांनी ऐकलेली आहे. ती सांगून त्यांनी आम्हाला मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांच्या १९८७ च्या प्रयोगाकडे वळवले. पाच मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही आणि आलाच तर घंटा वाजवायची, असे त्यात सांगितलेले होते. लोकांनी घंटा तर वाजवल्याच; शिवाय नंतर विचार करण्याची मोकळीक मिळाल्यावर, पहिल्यापासून मोकळीक असलेल्यांपेक्षा त्यांच्या मनात अस्वल अधिक वेळा आले. त्यानंतर बाई एकेकाच्या चित्राजवळ गेल्या. माझ्या धुरकट राक्षसापाशी थांबून त्यांनी विचारले, “ताई, याला हात कशाला दिलेत?”

मला उत्तर सुचले नाही. “तुमच्या विचाराला कडी काढता येते का? काही उचलता येतं का?” त्या म्हणाल्या. “नाही ना. मग त्याला नसलेले हात तुम्ही का देताय?”

विचार मनात येणे म्हणजे कृती करण्यासारखेच आहे, किंवा विचारामुळे ती गोष्ट घडण्याची शक्यता वाढते, या समजुतीला मानसशास्त्रात ‘विचार-कृती एकरूपता’ म्हणतात आणि १९९६ पासून तिच्यावर स्वतंत्र संशोधन झालेले आहे, असे त्यांनी नंतर सांगितले. आजीची तथास्तु म्हणणारी वास्तू मला तेव्हा आठवली. पण व्याख्येच्या आधीच त्या एका प्रश्नाने काम केले होते. मी हात खोडून काढले आणि हात गेल्यावर राक्षसाचे खांदेही निरर्थक झाले, खांदे गेल्यावर उंचीही. दुपारपर्यंत कागदावर एक पाल उरली.

पाल मी मुद्दाम निवडली असे म्हणता येणार नाही. मनात शंका आली की मराठीत पालच चुकचुकते. एकदा ती निवडल्यावर मात्र प्रत्यक्ष प्राण्याने मला जे दिले, ते कोणत्याही कल्पनेने दिले नसते. बहुतेक पालींना हलणारी पापणी नसते, डोळ्यावरचा पारदर्शक पडदा त्या जिभेने चाटून साफ करतात. म्हणजे माझ्या प्राण्याला टक लावून पाहावेच लागते, त्यात त्याचा द्वेष नाही. तिच्या बोटांखाली असंख्य सूक्ष्म केस असतात आणि रेणूरेणूंमधल्या अगदी क्षीण आकर्षणावर ती छताला धरून राहते. डिंक नसतो आणि बोटाचा कोन बदलला की जोर न लावता ती सुटते. म्हणून माझ्या प्राण्याच्या चारही पायांना फक्त गाद्या आहेत. तो चिकटू शकतो, पकडू शकत नाही. आणि शेपटी. पालीवर झडप घातली की शेपटी तुटते, जमिनीवर वळवळत राहते आणि पाहणाऱ्याचे लक्ष तिच्यात गुंतते; पाल तोवर निघून गेलेली असते आणि काही आठवड्यांत नवी शेपटी घेऊन येते. नव्या शेपटीत मणके नसतात, कूर्चेचा दांडा असतो, आणि रंगरूपही मूळ शेपटीसारखे नसते. मी माझ्या पालीला एकावर एक फुटलेल्या सात शेपट्या दिल्या, प्रत्येक मागचीपेक्षा जाड आणि फिकट: तितक्या वेळा तिला झटकले होते म्हणून. आदल्या दिवशी दातांचे कौतुक करणारा तो तरुण मार्गदर्शक या चित्रापाशी बराच वेळ बसला आणि शेपट्यांचा जाडपणा पाठीपासून नजर कशी खाली नेतो, हे त्याने मलाच समजावून सांगितले. तो चांगला शिकवतो. त्याला विषय कोणीतरी आधी सांगायला हवा होता, एवढेच.

मातीकामाविषयी थोडक्यात लिहिते, कारण तो भाग घाईचा झाला. तारेचा सांगाडा करून त्यावर थेट ओली शाडू थापायला सांगितले गेले. शाडू वाळताना आकसते, तार आकसत नाही, आणि सांध्यांवर भेगा पडतात. हे कोणत्याही मूर्तीच्या कारखान्यात पहिल्या दिवशी कळते. तारेवर वर्तमानपत्राचा कागद गुंडाळून घेतला असता किंवा मातीत कापूस वा कागदाचा लगदा मळला असता, तर बरेचसे टळले असते. माझ्या पालीच्या तीन शेपट्या मंगळवारी गळून पडल्या. प्राण्याच्या स्वभावाला धरूनच हे झाले, असे मुलीचे म्हणणे आहे; पण चकवा करणाऱ्या काकांचा वेटोळाही मधोमध तुटला, आणि त्यांना ते लागले असावे.

सर्वांत गंभीर आक्षेप वेगळा आहे. शनिवारी सकाळी ओळख करून देताना प्रत्येकाला आपला अनाहूत विचार सांगायला लावले गेले. ‘ऐच्छिक आहे’ असे म्हटले होते, पण चौदा जणांच्या वर्तुळात तिघांनी सांगितल्यावर चौथ्याला ऐच्छिक काही राहत नाही. एक मुलगी त्यानंतर दिवसभर फारशी बोलली नाही आणि रविवारी आली नाही. मानसशास्त्रज्ञ बाई शनिवारीच हजर असायला हव्या होत्या, विचार सांगायची सक्ती नको होती, आणि केंद्र सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक दारावर लावायला हवा होता; तो चोवीस तास विनामूल्य आहे आणि तेथे मराठीत बोलता येते. त्या मुलीला रविवारी फोन केला होता का, असे मी आयोजकांना विचारले. केला होता, असे कळले. ते ऐकून बरे वाटले.

जाताना बाईंनी एक सावधगिरीची सूचना दिली, ती जाहिरातीत छापण्याजोगी आहे. मंत्रचळावरच्या प्रचलित उपचारात नकोसा विचार येऊ द्यायचा आणि त्यावरचा उतारा, म्हणजे हात धुणे, पुन्हा तपासणे, कोणाकडून तरी वदवून घेणे, टाळायचा, असा भाग असतो. विचार आला की प्राणी काढायचा आणि मग हलके वाटायचे, असे होऊ लागले, तर चित्र काढणे हाच नवा उतारा होईल. म्हणून एक प्राणी करा, त्याला फळीवर ठेवा आणि दुसऱ्या कामाला लागा, असे त्यांनी सांगितले. ज्यांचा दिवसातला तासन्‌तास वेळ अशा विचारांत आणि उताऱ्यांत जातो, त्यांनी कार्यशाळेच्या आधी तज्ज्ञाला भेटावे, हेही त्यांनी स्पष्ट केले. मीही तेच म्हणेन.

चित्रकला अजिबात येत नसेल तरी जायला हरकत नाही. या दोन दिवसांतला सर्वोत्तम प्राणी ज्याला रेषा ओढता येत नव्हती अशा माणसाने काढला. व्यावसायिक चित्रकारांना शनिवारच्या सकाळचे शुल्क वसूल होईल आणि रविवारच्या सकाळचे वसूल होऊन वर उरेल. ३,२०० रुपये मला योग्य वाटले. पाचांपैकी साडेतीन तारे मी देते, वर्तुळातली ओळख बंद केली तर चार देईन. पुढची तुकडी दिवाळीनंतर आहे आणि प्रश्नांचा कागद या वेळी सुरुवातीलाच देणार आहेत, असे आयोजकांनी कळवले आहे. जाणाऱ्यांनी जुने कपडे घालावेत, घरून एक मऊ फडके आणि पुठ्ठ्याचा खोका न्यावा, आणि मातीची वस्तू दुचाकीवरून आणू नये.